शनिवारची रात्र, ओळंबा आणि तीन अंशांची पाचर

नमस्कार श्रोतेहो. मिरग निघाला की आपल्या कोल्हापुरात जुन्या जीपवाल्यांचे फोन सुरू होतात. या रविवारी गगनबावड्याकडं जायचं का, आंबा घाटाकडं जायचं का, अमक्याच्या रानातनं ओढ्यापर्यंत वाट आहे, मालकाची परवानगी घेतलीय, असं सगळं चालतं. मग शनिवारी कुणाच्यातरी अंगणात गाड्या लागतात, पाने निघतात आणि रात्री उशिरापर्यंत ठोकाठोकी चालते. आज मला त्या शनिवारबद्दलच बोलायचंय. रविवारचे फोटो सगळे दाखवतात, पण चिखलातनं गाडी बाहेर निघणार का नाही ते शनिवारी ठरलेलं असतं.

पहिलं सांगतो, आधी दुरुस्ती, मग मॉडिफिकेशन. परत सांगतो, आधी दुरुस्ती, मग मॉडिफिकेशन. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग नाहीतर किंगपिन, म्हणजे ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ, बघा. डावं-उजवं हलवून खडखडलं तर टायरॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचं टोक. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलला ताकद नेणारा दांडा, त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, हातानं पिळून बघा. पुढच्या चाकांचे हब लॉक करा आणि फोर-लो, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारा हळू गिअर, अंगणातच टाकून बघा, ओढ्यात उतरल्यावर लिव्हर अडकली तर तिथं कोण येणार?

आणि ब्रीदर. हा लोक विसरतात म्हणून जरा थांबून सांगतो. डिफ म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, त्याच्या ॲक्सलवर हवा आत-बाहेर जायला एक छोटी टोपी असते. गाडी चालून डिफ तापलेला असतो, तसाच तो ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि टोपी चिखलानं बुजली असेल तर ऑइल सीलमधनं पाणी आत खेचलं जातं. टोपी मोकळी असली पण पाण्याखाली गेली तर तिथनंच पाणी आत. उपाय स्वस्त आहे, त्या जागी रबरी नळी लावायची आणि वर बॉनेटखाली नेऊन बांधायची. लोक हजारो रुपयांच्या लाइट लावतात आणि ही नळी लावत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. आमच्या एका मित्रानं जुनी एमएम 540 घेतली, ती प्यूजो डिझेलवाली. आधीच्या मालकानं मोठी मड टायर बसावीत म्हणून पुढं लांब शॅकल, म्हणजे स्प्रिंगचं टोक गाडीच्या सांगाड्याला लटकवणाऱ्या पट्ट्या, घातल्या होत्या. दिसायला गाडी एकदम रुबाबदार, पण ताशी चाळीसच्या आसपास गेली आणि रस्त्यात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं अशी थरथरायला लागायची की स्टेअरिंग हातात ठरत नसे, थांबवल्याशिवाय थांबायचीच नाहीत. रविवारी सकाळी निघायचं होतं. शनिवारी दुपारपासनं आम्ही सगळे भिडलो. चाकं बॅलन्स करून आणली, टायरॉड एंड नवे घातले, बेअरिंग आवळले, स्टेअरिंग बॉक्सचा प्ले काढला, किंगपिनच्या शिम्स, म्हणजे पातळ चकत्या, बघितल्या. संध्याकाळी ट्रायल घेतली, तीच थरथर. एकजण म्हणाला स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे थरथर दाबणारा शॉक, लावूया, पण तेवढ्यात दुसरा जाऊन चाचांना घेऊन आला.

चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने मेस्त्री, सगळी हयात जीपवर गेलेली. आले, चहा घेतला नाही, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भावा, ओळंबा हाय का?" गवंड्याचा ओळंबा! शेजारी घराचं काम चाललं होतं, तिथनं आणला. चाचांनी ॲक्सलखाली घोड्या लावायला लावल्या, चाक काढलं आणि वरच्या किंगपिनच्या टोपीपासनं बाजूनं ओळंबा सोडला. सगळे वाकून बघतोय. ओळंबा खालच्या किंगपिनच्या समोर बरोबर सरळ येऊन थांबला. चाचा म्हणाले, "ह्यो मागं पडाय पायजे. सेंटीमीटरभर मागं."

म्हणजे काय ते नीट सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसं जीपच्या किंगपिनला मागं झुकाव लागतो, त्याला कास्टर म्हणतात, जुन्या जीपला साधारण तीन अंश. पुढच्या शॅकल लांब केल्या की स्प्रिंगचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढं कलंडतो आणि तो झुकाव संपतो. झुकाव संपला की चाकाला सरळ राहायची ओढच राहत नाही, मग तुम्ही नवे टायरॉड घाला नाहीतर डॅम्पर घाला, थरथर थोडी दबेल पण जाणार नाही. आणि गंमत बघा, शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी उचलते एकच इंच. एका इंचासाठी एवढं सगळं.

खरा इलाज मूळ शॅकल परत घालायच्या. पण त्या कुणाकडंच नव्हत्या आणि रात्रीचे नऊ वाजलेले, स्पेअरची दुकानं बंद. चाचा म्हणाले, पाचर करू. स्प्रिंग आणि ॲक्सलच्या बैठकीमधी तीन अंशाची पाचर, जाड बाजू पुढं. मी विचारलं पाच अंशाची का नको, तर म्हणाले पाचर जेवढी जाड तेवढं डिफचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस झिजतो. तीन बास. ॲल्युमिनियमच्या तयार पाचरी मिळतात पण खडकात त्या चेपतात, पोलादीच पाहिजे.

मग गेलो कारखान्यांच्या उद्यमनगरला. एका शेडमध्ये शेपर, म्हणजे लोखंड तासायचं मशीन, चालू होता. तिथला पोरगा, विशीतला असेल, त्यानं चाचांचं ऐकून घेतलं, पट्टीचा तुकडा वाइसमध्ये तिरका धरला आणि शेपर सोडला. घासून-मापून तासाभरात दोन पाचरी तयार, स्प्रिंगच्या मधल्या सेंटर बोल्टसाठी भोकासकट. आठवीच्या पोरांना आठवड्यातनं एक तास लेथवर, शेपरवर उभं करायला पाहिजे असं माझं कायमचं मत आहे, परीक्षेत काय पडतं ते पडू दे, पण लोखंड कापताना काय होतं ते हाताला कळलं पाहिजे. त्या पोराच्या हाताला ते कळत होतं. पैसे विचारले तर चाचांकडं बघून निम्मेच घेतले.

परत आलो, ॲक्सलला स्प्रिंग धरून ठेवणारे यू-बोल्ट सोडले, लांब सेंटर बोल्ट घातले, पाचरी बसवल्या, आवळलं. परत ओळंबा सोडला. सेंटीमीटरभर मागं! रात्री साडेबाराला रंकाळ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर ट्रायल घेतली, चाळीस, पन्नास, मुद्दाम खड्ड्यातनं घातली, आणि मित्रानं स्टेअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी सरळ. आम्ही मागं बसून ओरडत होतो आणि चाचा पुढं शांत बसलेले, म्हणाले, "आता यू-बोल्ट परत आवळा, पहिल्या फेरीत सैल पडत्यात." ते खरंच सैल पडलेले होते.

बाकीचं भराभर सांगतो. गाडीत रचनेचे बदल करायच्या आधी आरटीओला विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि सुप्रीम कोर्टानंही 2019 मध्ये ते ठासून सांगितलंय. ओढायचा हुक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेला पाहिजे, बंपरला नाही. परत सांगतो, चासीला, बंपरला नाही. पट्टा ताणताना माणसं लांब उभी करा. छतावरची एलईडी पट्टी गगनबावड्याच्या रस्त्यावर लावू नका, समोरनं ऊसाचा ट्रॅक्टर येत असतो, त्याला काही दिसत नाही. आणि सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, आणि दाजीपूरच्या अभयारण्यात गाडी घालायची नाही. जांभ्यावरची ती पातळ माती आणि त्यातली फुलं एका चाकात जातात.

रविवारी परत आल्यावर ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढा, लायनिंग पुसा. सोमवारी सकाळी, ऑइल बसलेलं असताना, दोन्ही डिफचे खालचे प्लग किंचित सैल करून बघा. पहिल्यांदा पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर सगळं काढून नवीन भरा, आणि यू-बोल्ट तेवढे अजून एकदा आवळा. नमस्कार.