मेरिट किती लागलं?

(दृश्य : पहाट. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं शाळेचं मैदान. फक्कीच्या रेषा, धावणारी मुलं-मुली.)

पहाटेचे सव्वापाच. दिवसा हे मैदान शाळेचं, या वेळेला भरतीच्या पोरांचं. चार फेऱ्या झाल्या की सोळाशे मीटर भरतात, तसं मोजूनच घेतलंय. कडेला मोबाइल धरून उभा असलेला मुलगा ओरडतोय, "पाच वीस! पाच वीस!"

पाच मिनिटं वीस सेकंद म्हणजे २० पैकी १८ गुण. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवारानं सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर पूर्ण २० मिळतात. पुढे ५ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत १८. त्यानंतर दर वीस सेकंदांना गुण खाली येत जातात. मुलींना आठशे मीटर. २ मिनिटं ५० सेकंदांत संपवलं तर २०.

(दृश्य : गोळाफेक. फिरणारा खांदा, मातीत उमटलेला खड्डा, टेप धरणारे दोन हात.)

हा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा. साडेआठ मीटरवर पडला तर १५. मुलींचा गोळा ४ किलोचा, त्यांना ६ मीटरला १५. राहिली शंभर मीटरची धाव, तिला १५. एकूण मैदान ५० गुणांचं.

मैदानावर जो भेटला त्याला आम्ही एकच विचारलं. ग्राउंडला किती पडले की काम होतं?

(दृश्य : चेहरे, एकामागून एक. त्यांचेच आवाज : "पंचवीस." "पंचवीसला कोण विचारतंय, पंचेचाळीस पाहिजेत." "जिल्ह्यावर आहे ते." "सर म्हणाले बेचाळीस.")

यातलं एकही उत्तर चुकीचं नाही. पंचवीस म्हणणारा जाहिरात वाचून बोलतोय आणि पंचेचाळीस म्हणणारी गेल्या वेळची यादी पाहून. दोघं दोन वेगळ्या रेषांबद्दल बोलतायत. या दोन रेषांची गल्लत झाली की पोरांची वर्षं जातात, म्हणून त्या नीट वेगळ्या करून बघू.

पहिली रेषा पात्रतेची. ती भरती सुरू होण्याआधीच जाहिरातीत छापलेली असते. मैदानी चाचणीत ५० टक्के, म्हणजे ५० पैकी २५. लेखी परीक्षेत ४० टक्के, म्हणजे १०० पैकी ४०. ही रेषा सगळ्या महाराष्ट्राला एकच, मग तुम्ही गडचिरोलीत फॉर्म भरा नाहीतर ठाण्यात. तिच्याखाली गेलात तर तिथेच थांबलात. वर राहिलात तर तुमचा विचार होऊ शकतो, इतकाच तिचा अर्थ.

दुसरी रेषा आधी कुठेच नसते. ती कोणी ठरवतही नाही. जागा भरत जातात आणि शेवटची जागा ज्याला मिळते त्याचे गुण म्हणजे ती रेषा. तिला कट-ऑफ म्हणतात. पोरांच्या तोंडी "मेरिट". लोकसेवा आयोगाच्या निकालात हीच "गुणांची सीमारेषा" म्हणून छापून येते. जागा किती, अर्ज किती, पेपर कसा निघाला आणि त्या दिवशी मैदान कसं होतं, या सगळ्यांतून ती तयार होते.

(दृश्य : पावसाळी आभाळ. चिखलातले बूट. मैदानाच्या कडेला ताडपत्रीखाली बसलेली मुलं.)

२०२४ सालची भरती घ्या. पदं १७,४७१. शिपाई, चालक, राज्य राखीव पोलीस दल, कारागृह शिपाई, बँडवाले, सगळी मिळून. अर्ज आले १७ लाखांहून जास्त. मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाली. जिथे मैदान वाहून गेलं तिथे पुढची तारीख द्यावी लागली.

छातीवर क्रमांक, अंगावर चिप. धावण्याची वेळ आता यंत्र टिपतं, त्यामुळे पूर्वीसारखा घड्याळवाल्याच्या अंगठ्यावर भरवसा ठेवावा लागत नाही. हे चांगलं झालं. एका सेकंदावर दोन गुण जातात आणि दोन गुणांवर नोकरी, तिथे माणसाच्या अंगठ्याचा भार कमीच असलेला बरा.

मैदानातून लेखीला सगळे जात नाहीत. इथे पहिली चाळणी लागते. एका जागेला दहा. प्रत्येक प्रवर्गात जितक्या जागा, त्याच्या दहापट मुलं वरून मोजत बोलवायची. समजा एका रकान्यात ६ जागा आहेत. मग साठजण बोलवायचे. साठाव्याला ४१ गुण असतील तर मैदानाचा कट-ऑफ ४१. ४१ वर आणखी चारजण असतील तर तेही येतात. पण ज्याला ४० आहेत, तो २५ च्या किती का वर असेना, घरी.

त्याला विचारा, तो म्हणतो, "ग्राउंड क्वालिफाय होतं माझं." खोटं बोलत नाही तो. पहिली रेषा त्यानं पंधरा गुणांनी ओलांडली होती.

(दृश्य : अभ्यासिका. ओळीनं लावलेली टेबलं, प्रत्येकावर एक दिवा. भिंतीवर चिकटवलेला कागद. मोबाइलवर उघडलेली यादी, बोटानं सरकवली जाणारी.)

आता ही यादी. निकाल लागला की प्रत्येक घटक, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा शहराचे आयुक्त, आपापली यादी संकेतस्थळावर टाकतात. बरीच पोरं आपलं नाव शोधतात आणि यादी बंद करतात. ती बंद करू नये. ही यादी वाचता आली तर पुढच्या वर्षीचा अर्धा निर्णय इथेच होतो.

वरच्या ओळीत प्रवर्ग आहेत. खुला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमातींचे गट, विशेष मागास, इतर मागास, आर्थिक दुर्बल. २०२४ च्या फेब्रुवारीत कायदा झाला आणि सामाजिक व शैक्षणिक मागास हा मराठा समाजाचा १० टक्क्यांचा रकाना त्यात आला.

त्याच्या खाली आडवे रकाने. सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, पोलीस पाल्य, होमगार्ड, अंशकालीन पदवीधर, अनाथ. याला समांतर आरक्षण म्हणतात. हे रकाने कोरडे वाटतात, पण त्यांत महाराष्ट्राचा इतिहास बसलाय. भूकंपग्रस्त हा रकाना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. किल्लारी आणि तिच्या आजूबाजूची गावं, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. त्या पहाटे ज्यांची घरं गेली त्यांच्या घरातली पोरं आज या रकान्यात उभी राहतात. प्रकल्पग्रस्त म्हणजे कोयना, उजनी, जायकवाडी. धरणाच्या पाण्याखाली ज्यांचं शिवार गेलं त्यांच्या घरातलं एक प्रमाणपत्र. ते कपाटातून काढून आणलेलं, घडीवर फाटत आलेलं प्रमाणपत्र आम्हाला एका मुलानं दाखवलं.

(दृश्य : प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेलं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र. टेबलावर सपाट करणारा हात.)

प्रत्येक प्रवर्गाच्या प्रत्येक रकान्याचा कट-ऑफ वेगळा. एका जिल्ह्याच्या एका भरतीत कट-ऑफ एक नसतो, डझनांनी असतात. म्हणून "या वेळी अमुक जिल्ह्याचं मेरिट इतकं लागलं" हे वाक्य अर्धवट आहे. कुणाचं लागलं, कुठल्या रकान्यात लागलं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

एक हिशेब कागदावर मांडून बघू. समजा एखाद्या जिल्ह्यात इतर मागास प्रवर्गाच्या २० जागा निघाल्या. ऐकायला भरपूर वाटतात. त्यातल्या ३० टक्के महिलांच्या, म्हणजे ६. माजी सैनिकांना १५ टक्के, ३. खेळाडू एक, प्रकल्पग्रस्त एक. भूकंपग्रस्तांचे २ टक्के वीसात एकही पूर्ण जागा देत नाहीत. होमगार्ड, पोलीस पाल्य, अंशकालीन पदवीधर यांना एकेक धरा. बेरीज १४. कुठलंही प्रमाणपत्र नसलेल्या साध्या मुलासाठी सर्वसाधारणच्या उरल्या ६.

(दृश्य : वहीच्या पानावर हीच बेरीज करणारी मुलगी. शेवटी सहाभोवती काढलेलं गोल.)

तो २० जागा बघून फॉर्म भरतो आणि स्पर्धा करतो सहांसाठी. अर्थात ही सहा पुढे वाढूही शकतात. माजी सैनिक मिळाले नाहीत, खेळाडूचा दाखला पडताळणीत टिकला नाही, तर त्या जागा त्याच प्रवर्गातल्या सर्वसाधारण उमेदवारांकडे वळतात. मग कट-ऑफ खाली सरकतो. तात्पुरत्या यादीत एक आकडा आणि अंतिम यादीत दुसरा, असं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. पोरांमध्ये लगेच कुजबुज सुरू होते की वशिला लागला. वशिल्याचा संशय घेण्याआधी रकाने जुळवून बघावेत.

आणि खुला प्रवर्ग. याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नाही. खुला म्हणजे कुठल्या जातींचा राखीव डबा नव्हे. तो गुणांवर सगळ्यांना उघडा असतो.

हा प्रश्न पोलीस भरतीवरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भरती उत्तर प्रदेशातली, शिपाई पदाची. इतर मागास प्रवर्गातल्या एका मुलीला २७६.५९४९ गुण होते. खुल्या महिलांमध्ये निवड झालेल्या शेवटच्या मुलीला २७४.८२९८. जास्त गुण असलेली बाहेर आणि कमी गुण असलेली आत, कारण जास्त गुणवालीनं फॉर्मवर मागास प्रवर्ग लिहिला होता. १८ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयानं सांगितलं की हे चालणार नाही. खुल्या महिलांच्या जागा सगळ्या प्रवर्गांतल्या महिलांना गुणांवर खुल्या आहेत. वयाची किंवा आणखी कसली सवलत घेतली असेल तर कुठला नियम लागतो, ते मात्र त्या त्या जाहिरातीत वाचूनच बघावं.

त्या गुणांत दशांशानंतर चार आकडे का? काही परीक्षा एका दिवसात, एका पेपरवर होत नाहीत. आपल्याकडची २०२३ ची तलाठी भरती आठवा. दहा लाखांवर अर्ज आले आणि परीक्षा कित्येक सत्रांत घ्यावी लागली. कुणाला सोपा पेपर, कुणाला अवघड. मग सत्रासत्रातली काठिण्यपातळी मोजून गुण एका पातळीवर आणतात. सामान्यीकरण म्हणतात त्याला. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण दिसले आणि राज्यभर गदारोळ झाला. सूत्रानं काढलेला गुण एकूण गुणांच्या वर जाऊ शकतो, हे परीक्षेआधी पोरांना कुणी साध्या भाषेत समजावून सांगितलं असतं तर तो गदारोळ बराच कमी झाला असता. तिथेही पात्रतेची रेषा होती ४५ टक्क्यांची, २०० पैकी ९०. नव्वद मिळवून घरी बसलेली मुलं गावोगाव भेटतात.

पोलीस भरतीत आणखी एक पेच आहे. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शिपाई पदासाठी बीड की पुणे ग्रामीण की मुंबई, हे फॉर्म भरतानाच ठरवायचं. तिथे बाकी किती अर्ज येणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. म्हणून तेच गुण एका जिल्ह्यात वर्दी देतात आणि शेजारच्या जिल्ह्यात यादीच्या बाहेर ठेवतात.

(दृश्य : मैदानाच्या पायरीवर बसलेली तीच मुलगी. मांडीवर वही. दोन जिल्ह्यांचे मागच्या भरत्यांचे आकडे.)

ही मुलगी जे करतेय ते प्रत्येक अकॅडमीनं शिकवायला हवं. दोन जिल्हे निवडलेत. मागच्या दोन भरत्यांच्या अंतिम याद्या उतरवल्यात. आपला प्रवर्ग, महिला रकाना, जागा किती होत्या, शेवटच्या मुलीला मैदान आणि लेखी मिळून दीडशेपैकी किती पडले. शेजारी आपले सरावाचे गुण. "अपेक्षित कट-ऑफ" म्हणून पेपरच्या रात्री मोबाइलवर जे फिरतं, ते तिनं या वहीत कुठेही लिहिलेलं नाही. तो आकडा सांगणाऱ्याकडे ना पूर्ण अर्जांची यादी असते ना रकान्यांचा हिशेब.

गुण सारखे पडले तर? त्याचाही नियम ठरलेला आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या मुलामुलीला आधी प्राधान्य, त्यानंतर वयानं मोठा असेल त्याला.

निवड यादीच्या मागे प्रतीक्षा यादी. एखादा मुलगा शिपाई आणि चालक दोन्हींत बसतो, एक पद घेतो, दुसरं सोडतो. कुणाचं नॉन-क्रिमिलेअर मुदतीतलं नसतं. त्या जागा खाली उतरतात आणि वेटिंगवरचा फोन वाजतो. तिथपर्यंत कट-ऑफ हलत असतो.

शिपाई पदासाठी वयाची अट साधारणपणे खुल्याला २८, मागासवर्गीयांना ३३; काही समांतर रकान्यांना जास्त. त्यानंतर हे मैदान बंद.

(दृश्य : भिंतीवर लावलेली छापील यादी. बोटं, मान वर करून वाचणारे डोळे. आवाज नाही.)

काही घटक निकालासोबत कट-ऑफचा स्वतंत्र तक्ता देतात. काहींच्या यादीतून तो ज्याचा त्यानं पानं मोजून काढावा लागतो. प्रत्येक घटकानं अंतिम यादीखाली एक पान जोडावं. प्रवर्ग, रकाना, जागा, मैदानावर आलेले, लेखीला बोलावलेले, शेवटचे गुण, रिकाम्या राहिलेल्या जागा आणि त्या कुठे वळवल्या. सगळी माहिती कार्यालयात आधीच तयार असते, कारण तिच्याशिवाय यादी लागूच शकत नाही. ते पान पुढच्या जाहिरातीआधी संकेतस्थळावर असलं पाहिजे, म्हणजे फॉर्म भरणाऱ्याला २० आणि ६ यांतला फरक पैसे भरण्याआधी दिसेल.