खूण कोणासाठी?

मंडळी, कृपा या विषयावर बोलताना आपण चटकन क्रूसाकडे वळतो. आज मी सुरुवात ढगांपासून करणार आहे. विषय आहे कृपेच्या खुणा : मेघधनुष्य, सुंता, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आजाऱ्यांच्या घरी न्यायच्या प्रभुभोजनाबद्दल काहींनी विचारलं होतं, त्याकडे शेवटी येईन.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात जलप्रलय ओसरतो आणि देव ढगात धनुष्य ठेवतो. रविवारच्या शाळेत आपण शिकलो की मेघधनुष्य माणसाला धीर यावा म्हणून आहे. पण मजकूर नीट वाचा. देव म्हणतो, धनुष्य दिसेल तेव्हा मी ते पाहीन आणि माझा करार आठवीन. म्हणजे पाहणारा देव आणि आठवणाराही देवच. मूळ हिब्रू शब्द लढाईतल्या धनुष्याचाच आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातही तो ‘धनुष्य’ म्हणूनच राहिला, हे बरं झालं. योद्ध्याने हत्यार खाली ठेवून भिंतीला टांगावं, तसं ते चित्र आहे. आणि हा करार कोणाशी? प्रलयातून वाचलेल्या नोहाशी, त्याच्या मुलाबाळांशी, आणि गुराढोरांशी, पाखरांशी, रानातल्या जनावरांशी. चिमणीला कोण अट घालणार? करार सांगणाऱ्या त्या ओव्यांमध्ये माणसाकडून काही मागितलेलंच नाही.

देव स्वतः आठवतो आणि अट घालत नाही, ही खुणेची पहिली व्याख्या मनात ठेवा, कारण पुढे आपण तिच्यापासून सारखे घसरत जातो.

पुढची खूण सुंतेची. प्रेषित पौल रोमकरांस पत्र लिहिताना चौथ्या अध्यायात एक साधा, जवळजवळ कारकुनी प्रश्न विचारतो : यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, तो सुंतेच्या आधी की नंतर? तारखा लावून पाहू. विश्वास गणला गेला उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. त्याचा मुलगा इश्माएल जन्मला सोळाव्यात, तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा. सुंता झाली सतराव्यात, तेव्हा तो ९९ वर्षांचा आणि इश्माएल १३ वर्षांचा. म्हणजे निदान तेरा वर्षं हा माणूस देवापुढे नीतिमान होता आणि अंगावर खूण नव्हती. म्हणून पौल सुंतेला ‘शिक्का’ म्हणतो. सातबाऱ्यावर शिक्का बसला म्हणून जमीन तयार होत नाही, जमीन आधीच तिथे असते. पण बिनशिक्क्याचा उतारा घेऊन गेलात तर खिडकीवरचा माणूस तुम्हाला परत पाठवतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. शिक्का निरर्थक नाही. फक्त तो जमिनीची किंमत नाही.

खूण माणसांना किती धरून ठेवते याचा दाखला आपल्या कोकणातच आहे. अलिबाग, पनवेलच्या बाजूचे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी यहुदी, शतकानुशतकं बाकीच्या यहुदी जगापासून तुटलेले होते, शास्त्रग्रंथही हाताशी नव्हते. पण आठव्या दिवशीची सुंता, ‘देव एकच’ असं सांगणारी शमाची प्रार्थना आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद, एवढं त्यांनी सोडलं नाही. गावाने त्यांना नावच दिलं, शनिवार तेली.

आता बाप्तिस्म्याकडे येतो. इथे आधी आपल्या भाषेची एक गोम पाहू. मराठीत आपण ‘बाप्तिस्मा घेतला’ म्हणतो. ऐकताना वाटतं, घेणाऱ्याने काहीतरी केलं, जशी पदवी घेतली, घर घेतलं. मूळ ग्रीकमध्ये बाप्तिस्मा माणसाला ‘होतो’, दुसरा कोणीतरी देतो. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५२९ सालच्या ‘मोठी प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात सांगितलं आहे की पाप छळायला लागलं की म्हणायचं, काहीही असो, माझा बाप्तिस्मा झालेला आहे. ‘माझा विश्वास पक्का आहे’ असं म्हणायला तो सांगत नाही, कारण विश्वास सकाळी असतो आणि संध्याकाळी डळमळतो. तरी मी ‘घेणे’ हे क्रियापद बदला म्हणणार नाही. प्रसादही आपण घेतोच. हात रिकामा असतो, तो पुढे होतो, एवढंच त्या घेण्यात असतं.

पाणी किती लागतं? पहिल्या-दुसऱ्या शतकातली दिदाखे नावाची शिकवणीची पुस्तिका आहे. तिच्या सातव्या प्रकरणात म्हटलं आहे : वाहतं पाणी घ्या, ते नसेल तर दुसरं, थंड जमत नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. इतक्या जुन्या काळात इतकी सवलत! खुणेतला नेमकेपणा आणि सवलत एकाच परिच्छेदात बसलेत, आणि कोणाला त्याची अडचण वाटलेली नाही.

ओतून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर पाणी वाहायला हवं. बोट भिजवून कपाळाला लावलं तर आईवडिलांना काही दिसत नाही, मागच्या बाकांवर तर नाहीच. छोट्या पेल्याने तीनदा मिळून अर्धी वाटी पाणी पुरतं. ते कोमट असावं. बाळाचं डोकं भांड्यावर किंचित मागे झुकवावं आणि धार कपाळाकडून मागच्या बाजूला सोडावी, म्हणजे डोळ्या-नाकात पाणी जात नाही. शब्द आणि पाणी एकाच वेळी हवेत : पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या, प्रत्येक नावाला एक धार. नेहमी होणारी चूक म्हणजे आधी सगळं बोलून टाकायचं आणि मग गडबडीने पाणी. दुसरी चूक, या विधीचं बारसं होऊन बसणं. नाव काय ठेवलं याचीच चर्चा रंगते आणि कोणाच्या नावाने बाप्तिस्मा झाला हे बाजूला राहतं.

बुडवून द्यायचा असेल तर पाणी कमरेच्या वर, छातीच्या खाली असावं, साधारण तीन ते साडेतीन फूट. त्याहून कमी असलं तर माणसाला फार खाली न्यावं लागतं आणि पाळकाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूची, कंबर धरते. घेणाऱ्याने गुडघे वाकवायचे, नाकाला रुमाल, पाळकाचा एक हात मानेमागे. पायऱ्यांवर खरखरीत चटई टाका. आणि पाण्यात उभ्या माणसाच्या हातात तारेचा माईक कधीही देऊ नका. २००५ साली टेक्ससमधल्या वेको गावात पाण्यात उभ्या पाळकाने असाच माईकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने तो गेला.

शब्दांच्या नेमकेपणाबद्दल अलीकडचं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ ऐवजी ‘आम्ही देतो’ असं म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा ग्राह्य नाही. कारण असं की तिथे ख्रिस्त स्वतः देतो, जमलेली मंडळी नव्हे. अमेरिकेत काही जणांना आपला विधी पुन्हा करून घ्यावा लागला. प्रॉटेस्टंट माणसाला हे ऐकून हसू येतं, एका सर्वनामावर कृपा अडते काय? अडत नाही, आणि कॅथलिक शिकवणही तसं म्हणत नाही. त्यांच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं, पण देव स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही. माझ्या मते सर्वनामाची ती काळजी योग्य आहे, फक्त तिची शिक्षा त्या बिचाऱ्या माणसाला भीतीच्या रूपात भोगायला लागू नये.

खरं बिघडतं ते दुसरीकडे. वर्गणी थकली म्हणून बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलला, की खूण पावती न राहता बिल होते. नोंदवहीत तारीख, आईवडिलांची नावं आणि पाळकाची सही त्याच दिवशी घाला. प्रमाणपत्र अडवून ठेवणं हा वसुलीचा मार्ग नव्हे.

लहानपणी की जाणतेपणी, हा वाद आपल्याकडे नागपुरात एका टेबलावर आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. त्यांत अँग्लिकन होते, बालकांना बाप्तिस्मा देणारे, आणि बॅप्टिस्ट व ब्रदरनही होते, केवळ विश्वास कबूल करणाऱ्यालाच देणारे. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा का, ही गाठ मात्र सुटायला फार वर्षं लागली. एक बाजू म्हणते कृपा आधी येते, म्हणून बाळाला खूण द्या. दुसरी म्हणते खूण पाहणाऱ्याला तिचा अर्थ कळायला हवा. दोघांनाही देवाची कृपा विनाअट हवी आहे, भीती वेगवेगळ्या आहेत.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे घ्यावंसं वाटतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पुढे त्यांनीच लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ते नंतर काही वर्षांनी घडलं. त्यांनी त्यासाठी पुन्हा पाणी मागितलं नाही.

आणि रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, त्यासाठी संसार मोडायची वेळ आली. आणि त्याच माणसाने १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. ज्याने खुणेची सगळ्यात जबर किंमत भोगली, त्याला ती दारावरची चौकी करायची नव्हती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार पुढे फार टिकला नाही. त्यांचा प्रश्न मात्र अजून आपल्या कमिट्यांच्या बैठकीत येऊन बसतो.

प्रभुभोजनाकडे वळू. इथे सगळ्यात जास्त नुकसान एका शब्दाने केलं आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल ‘अयोग्य प्रकारे’ खाण्यापिण्याबद्दल बजावतो. आपल्या मराठी शास्त्रात तो ‘प्रकारे’ आहे, तरी कान ऐकतात ‘अयोग्य माणसाने’. मग महिन्याच्या पहिल्या रविवारी कितीतरी बायाबापे ताट पुढे आलं की मान हलवतात. या महिन्यात घरात भांडण झालं, मी लायक नाही. करिंथमध्ये काय चाललं होतं ते त्याच अध्यायात आहे. पैसेवाले लवकर येऊन खात होते, कामावरून उशिरा येणारे उपाशी राहत होते, कोणी तर झिंगलेलं होतं. दोष होता गरिबाला मागे ठेवण्याच्या रीतीचा. आपण तो उलटा करून गरिबालाच मागे बसवलं.

स्कॉटलंडमध्ये ही चूक धातूत ओतलेली सापडते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत तिथल्या मंडळ्यांत शिशाची छोटी नाणी चालत. त्यांवर पाळकाची आद्याक्षरं आणि साल. वडील मंडळी, म्हणजे चर्चचे निवडलेले कारभारी, आधी प्रश्नोत्तरी घेत, वागणूक तपासत, पास झालेल्याला नाणं देत. मेजाशी आल्यावर ते परत करायचं. हेतू चांगला असेल. पण हातात नाणं घेऊन कृपेच्या मेजाशी बसायचं, यापेक्षा चुकीचं चित्र मला तरी सुचत नाही.

मेजाच्या तयारीबद्दल थोडं. शास्त्रात शब्द ‘भाकर’ आहे आणि मेजावर असतो बेकरीचा पाव, ही आपली जुनी गंमत. बिनखमिराची करायची तर गव्हाचं पीठ, चिमूटभर मीठ, थोडं तेल. पातळ लाटून सुरीने आडव्या-उभ्या खुणा करा आणि मंद तव्यावर कडक होईपर्यंत भाजा. गरम असताना डब्यात झाकलीत तर वाफेने मऊ पडते, मग ती मोडत नाही, फाटते. मोडण्याचा आवाज शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे. ‘मोडली’ हा शब्द उगाच नाही. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारीची भाकर वेगळ्या ताटलीत, वेगळ्या सुरीने. कॅथलिक नियमात गहूच लागतो, आपल्याकडे ती मोकळीक आहे, ती वापरा.

द्राक्षरसासाठी अर्धा किलो काळ्या मनुका कोमट पाण्याने दोनदा धुवा, कारण त्यांना तेलाचा हात लावलेला असतो. दीड लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वीस मिनिटं मंद आचेवर उकळा, कुस्करा, मलमलीतून गाळा, थंड करून फ्रिजमध्ये ठेवा. साखर नको. लिटरभर रस निघतो. लहान पेल्यात दहा मिलिलिटर धरले तर शंभर जणांना पुरतो. शनिवारी करून ओट्यावर ठेवलात तर मे महिन्यात रविवारपर्यंत फेस धरतो, आणि मग वडील मंडळी एकमेकांकडे बघत बसतात. पेले काठोकाठ भरू नका, म्हाताऱ्या हातांना ते पेलत नाहीत.

शेवटी घरी न्यायच्या प्रभुभोजनाबद्दल, विशेषतः ज्यांना आता काही आठवत नाही अशांसाठी. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे शब्द त्यांच्यासमोर म्हणताना पाळक अडखळतात. माणसाला मुलगी ओळखू येत नाही, स्मरण कुठून आणायचं? तेव्हा नोहाच्या धनुष्याची ओवी आठवा, मी पाहीन आणि मी आठवीन. जाण्याआधी घरच्यांना गिळण्याचा त्रास आहे का ते विचारा. आजोबांना टेकून सरळ बसवा, आडवं असताना काही देऊ नका. पातळ पाणी ठसकत असेल तर पेला टाळा. भाकरीचा भाताच्या शितापेक्षा मोठा नको एवढा कण चमच्यातल्या थेंबभर रसात मऊ करून जिभेवर ठेवा आणि गिळेपर्यंत थांबा. प्रार्थना नव्या भाषांतरातली नको. ते लहानपणी जी शिकले तीच म्हणा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सावकाश. पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या ओळीला, रोजच्या भाकरीपाशी, त्यांचे ओठ हलायला लागतात. हलले नाहीत तरी तुम्ही प्रार्थना पूर्ण करा, तोंड पुसा, आणि नोंदवहीत त्यांचं नाव लिहा.