टोंडरचे नगराध्यक्ष

हा रस्ता बघा. गावातला साधा डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूला विटांची बुटकी घरं, पलीकडे पाणथळ गवताळ रान. गावाचं नाव रुडबोल. या रस्त्याच्या एका कडेची घरं डेन्मार्कमध्ये आहेत आणि समोरच्या कडेची जर्मनीत, आणि जर्मन बाजूला याच वस्तीला रोझेनक्रान्झ म्हणतात. सीमा रस्त्याच्या मधोमध जाते. समोरच्याकडे वाटीभर साखर मागायला गेलात तरी परदेशात जाऊन आलात असं म्हणता येईल.

आता ही रेघ इथे कशी आली ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. श्लेसविग नावाचा हा प्रांत, १८६४ च्या युद्धात डेन्मार्क हरला आणि तो हातातून गेला, मग प्रशिया आणि जर्मनीकडे जवळपास ५५ वर्षं. पहिल्या महायुद्धानंतर लोकांनाच विचारायचं ठरलं. १९२० मध्ये दोन टप्प्यांत मतदान झालं, फेब्रुवारीत उत्तरेकडच्या भागात, तिथे ७५ टक्के लोक म्हणाले डेन्मार्क, आणि १४ मार्चला दक्षिणेकडच्या भागात, तिथे ८० टक्के म्हणाले जर्मनी. सीमा ठरली.

पण उत्तरेतलं मतदान एकगठ्ठा मोजलं होतं. टोंडर नावाचं तिथलं शहर, त्यात बहुमत जर्मनीच्या बाजूने होतं, तरी शहर गेलं डेन्मार्ककडे. आणि खाली फ्लेन्सबर्गमध्ये हजारो डॅनिश माणसं जर्मनीत राहिली. घरं हलली नाहीत, शेतं हलली नाहीत, देश बदलला. सीमेपलीकडे राहून गेलेली आपली माणसं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आज जर्मनीच्या बाजूला साधारण ५० हजार लोक स्वतःला डॅनिश अल्पसंख्याक म्हणवतात आणि डेन्मार्कच्या बाजूला साधारण १५ हजार लोक जर्मन. गंमत म्हणजे डेन्मार्कमधल्या जर्मन घरांत बऱ्याचदा बोलली जाते सोंडरयुस्क, म्हणजे तिथली डॅनिश बोली, आणि जर्मनीतल्या कितीतरी डॅनिश घरांत रोजचं बोलणं जर्मन. मग ते अल्पसंख्याक कसे? हाच प्रश्न आहे ना, आणि त्याचं उत्तर १९५५ साली दिलं गेलं, मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथे प्रचंड कटुता होती. डेन्मार्कवर नाझी कब्जा होऊन गेलेला, तिथल्या जर्मन लोकांपैकी कितीतरी जणांनी त्या कब्ज्याला साथ दिलेली, युद्धानंतर त्यातले बरेच तुरुंगात गेले. मग पश्चिम जर्मनीला नाटोमध्ये यायचं होतं, डेन्मार्क तिथे आधीपासून मेंबर, आणि डेन्मार्कने आपल्या लोकांचा विषय काढला. २९ मार्च १९५५ ला दोन घोषणा झाल्या, बॉनची, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या तेव्हाच्या राजधानीची, वेगळी आणि कोपनहेगनची वेगळी. करार नाही हां. प्रत्येक देशाने आपापल्या घरातल्या अल्पसंख्याकांना दिलेला शब्द. आणि त्यात लिहिलंय की मी डॅनिश आहे किंवा मी जर्मन आहे असं म्हणायला माणूस मोकळा आहे, आणि सरकारी अधिकाऱ्याने ते नाकारायचं नाही, तपासायचंही नाही.

तपासायचंही नाही. म्हणजे आडनाव बघायचं नाही, आजोबांचे कागद मागायचे नाहीत, घरात कुठली भाषा बोलता ते विचारायचं नाही. कागदावर एवढा विश्वास टाकलेला मी तरी फार कमी ठिकाणी वाचलाय.

त्याच वर्षी श्लेसविग-होलस्टाईनमध्ये, म्हणजे सीमेलगतच्या जर्मन राज्यात, डॅनिश लोकांच्या पक्षाला, एसएसडब्ल्यूला, विधानसभेत जागा मिळायला लागणारी किमान ५ टक्के मतांची अट माफ झाली, या पक्षात फ्रिशियन लोकही आहेत, तोही तिथलाच एक अल्पसंख्याक समाज. आज फ्लेन्सबर्ग आणि आसपास चाळीसहून जास्त डॅनिश शाळा आहेत, फ्लेन्सबोर्ग आविस नावाचा १८६९ पासूनचा पेपर आहे. वर डेन्मार्कमध्ये जर्मन शाळा, ऑबेनरॉला जर्मन ज्युनियर कॉलेज.

पण राजधानीतून हक्क मिळाला म्हणून रोजचं जगणं सोपं होतं असं नाही. समजा एक बाई टोंडरला राहते आणि फ्लेन्सबर्गच्या डॅनिश शाळेत शिकवते, नवरा डेन्मार्कमध्येच नोकरीला, दोन मुलं. तिचा टॅक्स कुठे? पेन्शन कुठल्या देशात जमा होणार? मुलांचा भत्ता कोण देणार, आणि आजारी पडली तर कुठल्या देशाचा इन्शुरन्स? यातलं एक उत्तर चुकलं तर वर्षभराने नोटीस घरी येते. अल्पसंख्याकांच्या शाळा, चर्च, वाचनालयं चालायची तर या माणसांना रोज इकडून तिकडे जाता आलं पाहिजे, आणि हे कोपनहेगनला किंवा बर्लिनला बसलेल्या माणसाला दिसत नाही, ते दिसतं नगरपालिकेला.

म्हणून १९९७ मध्ये इथल्या स्थानिक संस्था एकत्र आल्या. युरोपात हे नवीन नव्हतं, डच-जर्मन सीमेवर ग्रोनाऊच्या भागात युरेजिओ नावाचं असंच सीमेपलीकडचं सहकार्य १९५८ पासून चालू होतं. पण इथे भयंकर विरोध झाला. आधी नाव ठरत होतं युरोरिजन श्लेसविग, आणि ते ऐकून डॅनिश बाजूचे लोक खवळले, त्यांना वाटलं जुना प्रांत मागच्या दाराने परत येतोय, १९२० ची सीमा पुसली जातेय. ती भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती, आजीआजोबांच्या आठवणी होत्या त्या. शेवटी नाव बदललं, रिजन सोंडरयुलंड-श्लेसविग केलं, म्हणजे डॅनिश बाजूचं नाव आणि जर्मन बाजूचं नाव शेजारी शेजारी. आज त्यात डेन्मार्ककडून टोंडर, ऑबेनरॉ, हादरस्लेव, सोंडरबोर्ग या चार नगरपालिका आणि दक्षिण डेन्मार्क रिजन, आणि जर्मनीकडून फ्लेन्सबर्ग शहर आणि दोन जिल्हे आहेत.

त्यांचं ऑफिस आहे पाडबोर्गला, सीमेला अगदी लागून. तिथे एक इन्फोसेंटर आहे, टोंडरच्या त्या बाईने जायचं ते इथे. समोर बसलेल्या माणसाला दोन्ही भाषा येतात, दोन्हीकडचे फॉर्म माहीत असतात, आणि सल्ल्याला पैसे पडत नाहीत. दिसायला किती साधं काम! पण अल्पसंख्याक म्हणजे नुसता लोकनृत्याचा कार्यक्रम नाही, त्या माणसाला पगार, पेन्शन, डॉक्टर सगळं लागतं, आणि ते सुटलं की मगच तो आपली भाषा आपल्या गावात राहून बोलू शकतो, नाहीतर सरळ कोपनहेगन नाहीतर हॅम्बर्ग गाठतो.

अशीच आणखी कामं. नीब्युलचं रेस्क्यू हेलिकॉप्टर जर्मनीचं, पण गरज पडली की डेन्मार्कमध्येही उडतं. बरीच वर्षं दक्षिण डेन्मार्कमधले कॅन्सर पेशंट रेडिएशनला फ्लेन्सबर्गला यायचे. युरोपियन युनियनच्या इंटररेग फंडातून दोन्हीकडचे प्रोजेक्ट चालतात.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. २०१० मध्ये श्लेसविग-होलस्टाईनच्या सरकारने डॅनिश शाळांचं अनुदान कापून ८५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे डॅनिश शाळेतल्या मुलाची किंमत जर्मन शाळेतल्या मुलापेक्षा कमी. लोक रस्त्यावर आले. २०१२ ला एसएसडब्ल्यू स्वतः सरकारमध्ये गेली, आंके स्पोरेनडोंक मंत्री झाल्या, आणि मग ते समान अनुदान परत आलं. पाट्यांचंही तेच. फ्लेन्सबर्गच्या वेशीवर जर्मन आणि डॅनिश दोन्ही नावं लागली. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या हादरस्लेवला तशीच दोन भाषांतली पाटी लावली तर थोड्याच दिवसांत तिची तोडफोड झाली आणि ती काढावी लागली. २०१९ मध्ये डेन्मार्कने सीमेवर जवळपास ७० किलोमीटर कुंपण घातलं, कारण सांगितलं रानडुकरं आणि त्यांचा स्वाइन फीवर. कारण काहीही असो, ज्यांच्या घरच्यांनी आयुष्यभर ही सीमा पुसट करण्यासाठी कष्ट केले त्यांना ते कुंपण बघून काय वाटलं असेल.

आणि मग २०२०. मतदानाला १०० वर्षं झाली म्हणून वर्षभर सोहळे ठरलेले, आणि कोरोना आला. डेन्मार्कने सीमा बंद केली त्या दिवसाची तारीख १४ मार्च, दुपारी १२ वाजता. बरोबर १०० वर्षांपूर्वी त्याच तारखेला दक्षिणेत मतदान झालं होतं. छोटे रस्ते अडवले, शाळा एका देशात आणि घर दुसऱ्या देशात असलेल्यांची काय अवस्था झाली असेल विचार करा. सीमेवरच्या आफेनटोफ्ट गावाच्या नाक्यावर ऐंशीच्या घरातले एक आजी आणि आजोबा, ती डेन्मार्कची, तो जर्मनीचा, रोज येऊन आपापल्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, मध्ये अडसर, थर्मासमधली कॉफी प्यायची, गप्पा मारायच्या आणि परत जायचं. जगभरच्या बातम्यांत ते दिसलं. नंतर हळूहळू सीमाभागातल्या रहिवाशांना सवलती मिळत गेल्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, एसएसडब्ल्यूचा एक खासदार, स्टेफान झाइडलर, कित्येक दशकांनी बर्लिनच्या संसदेत पोचला. त्याआधी २०११ ते २०१७ फ्लेन्सबर्गचे महापौर होते सिमॉन फाबर, डॅनिश अल्पसंख्याकांमधलेच.

आणि त्याच २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. टोंडरला, त्याच टोंडरला, जर्मन अल्पसंख्याकांच्या पक्षाचे युर्गन पॉप पीटरसन नगराध्यक्ष म्हणून निवडले गेले, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. पक्ष छोटा आहे, टोंडरमध्येही जर्मन लोक कमीच, तेव्हा नुसत्या आपल्या माणसांच्या मतांवर हे झालेलं नाही, डॅनिश शेजाऱ्यांनीही मतं दिली. १ जानेवारी २०२२ ला त्यांनी खुर्ची सांभाळली.