बाहुलीच्या प्रवासासाठी घरगुती पिशवी: योगा मॅटचे कव्हर, वाकळ आणि कॉकटेलचे झाकण

(टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या, कॅमेरा आधी त्यांच्यावर, मग बोलणारीवर.)

नमस्कार. टेबलावर मांडलेल्या या तीन वस्तू आधी पाहून घ्या: योगा मॅटची रिकामी पिशवी, आजीने शिवलेल्या वाकळेचा उरलेला तुकडा, आणि आइस्क्रीम कॉकटेलच्या प्लॅस्टिकच्या ग्लासावर येते ते घुमटासारखे पारदर्शक झाकण. कॉकटेल म्हटल्यावर बाहेरगावच्या प्रेक्षकांच्या भुवया उंचावतात, म्हणून सांगून ठेवते की कोल्हापुरात या शब्दाचा अर्थ फळे आणि आइस्क्रीम एवढाच होतो. साठ सेंटिमीटर उंचीची, दीड-दोन किलो वजनाची रेझिनची बाहुली मी गेली काही वर्षे याच तीन वस्तूंच्या भरवशावर पुण्या-मुंबईला नेत आहे.

बाहुली म्हणजे नेमकी कोणती, हे आधी स्पष्ट करायला हवे. जपानमधील व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये ‘सुपर डॉल्फी’ बाजारात आणली आणि तेव्हापासून बॉल जॉइंटेड (गोळ्यांसारखे सांधे असलेल्या) बाहुल्यांचा, म्हणजे बीजेडीचा, छंद जगभर पसरला. या बाहुलीचे अवयव पॉलियुरेथेन रेझिनचे आणि आतून पोकळ असतात, आणि ते सर्व इलॅस्टिकच्या ताणलेल्या दोरीने एकमेकांना धरून राहतात. डोळे डोक्याच्या आतून मऊ पुटीने (मळलेल्या पिठासारख्या चिकट लगद्याने) चिकटवलेले असतात, केसांचा विग काढता-घालता येतो, आणि चेहरा पेस्टल व अॅक्रिलिक रंगांनी हाताने रंगवून त्यावर मॅट सीलरचा, म्हणजे रंग टिकवणाऱ्या बिनचमकीच्या लेपाचा, पातळ थर दिलेला असतो. तात्पर्य, ही वस्तू एकसंध नाही. तिच्यात सरकणारे, घासणारे आणि निघून येणारे अनेक भाग आहेत, आणि पिशवीचा सगळा विचार इथूनच सुरू करावा लागतो.

माझ्या पहिल्या प्रवासात मी हा विचार केला नव्हता. मे महिन्यात पुण्याला जाताना मी बाहुलीला जाड टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळले, शाळेच्या दप्तरासारख्या भक्कम सॅकमध्ये उभे ठेवले, आणि सॅकला बाहेरून ओरखडाही आला नाही याचे समाधान मानत पुण्यात उतरले. उघडून पाहते तो काय, एक डोळा आत वळलेला, पापण्या चेंगरून कपाळाला चिकटलेल्या, नाकाच्या शेंड्यावरचा रंग टॉवेलने पुसलेला, आणि टॉवेलच्या दोऱ्यांच्या फासात अडकून अनामिकेचे टोक मोडलेले. दोष सर्वस्वी माझाच होता, पण त्यातून एक गोष्ट कायमची कळली: प्रवासात बाहुलीचे नुकसान बाहेरच्या आघाताने क्वचित होते, आणि पिशवीच्या आत हालल्याने व घासल्याने जवळजवळ नेहमीच होते. म्हणून बाहेरची पिशवी कोणतीही स्वस्तातली चालते. कष्ट करायचे ते आतल्या जागेवर.

आता योगा मॅटच्या पिशवीकडे येऊ. मॅटची रुंदी साधारणपणे ६१ सेंटिमीटर असते आणि ती गुंडाळल्यावर तेवढ्याच लांबीची वळकटी होते, त्यामुळे तिच्यासाठी शिवलेली पिशवी साठ सेंटिमीटरच्या बाहुलीला योगायोगानेच जुळते. तथापि दोन्ही टोकांना चार-चार सेंटिमीटरची गादी लागते, म्हणजे आतली लांबी ६८ सेंटिमीटर तरी हवी. सगळ्याच पिशव्या एवढ्या लांब नसतात, म्हणून दुकानात मोजपट्टी घेऊन जावे आणि दुकानदार हसला तरी मोजूनच घ्यावे. नाडी आवळून बंद होणारी पिशवी घेऊ नये. लांबीभर चेन असलेली घ्यावी, म्हणजे बाहुलीला वरून आत ढकलावे लागत नाही, पाळण्यात ठेवल्यासारखे आडवे ठेवता येते. चेनच्या आतल्या बाजूने चार बोटे रुंदीची कापडी पट्टी अवश्य शिवून घ्यावी, कारण विगचे केस चेनच्या दातांत एकदा अडकले की कात्रीशिवाय सुटत नाहीत.

ही पिशवी मऊ असल्याने तिला कणा द्यावा लागतो. त्यासाठी मी सनपॅक शीट वापरते, म्हणजे जाहिरातींच्या पाट्यांसाठी वापरतात ती, आतून पोकळ नळ्या असलेली प्लॅस्टिकची शीट. नळ्यांच्या दिशेने कटरने वरचाच थर तीन-चार ठिकाणी चिरला की शीट हवी तशी वाकते आणि पन्हळीसारखा आकार घेते. ही पन्हळ पिशवीच्या तळाशी बसवली की बसमध्ये शेजारच्या प्रवाशाचे कोपर लागले तरी दाब बाहुलीपर्यंत पोहोचत नाही. शीटच्या कापलेल्या कडा धारदार असतात, त्यांवर कापडी चिकटपट्टी लावावी.

(वाकळ उलगडून दाखवत.)

पन्हळीच्या आत ही वाकळ. फोमच का नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गाद्यांमध्ये असतो तो पिवळसर मऊ फोम नवा असताना उत्तम वाटतो, परंतु दमट हवेत काही वर्षांनी तो भुसभुशीत आणि चिकट होतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. शिवाय फोम उसळी घेतो. खड्ड्यात चाक गेले की बाहुली त्यावर नाचत राहते. वाकळेत जुन्या सुती लुगड्यांचे थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधलेले असतात, त्यामुळे ती दाब घेते पण परत फेकत नाही, शरीराच्या आकाराला बसते, आणि मळली तर धुता येते. घरात वाकळ नसेल तर मांजरपाटाचे पाच-सहा थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवावेत. नव्या मांजरपाटात खळ असते, म्हणून तो आधी दोनदा गरम पाण्यातून काढावा.

एक खबरदारी मात्र अत्यंत महत्त्वाची आहे. वाकळेचे तुकडे रंगीबेरंगी असतात, आणि लाल, गर्द निळा व काळा हे रंग फिकट प्लॅस्टिकवर उतरतात. रेझिनवरचा डाग पुष्कळदा वरवरचा असतो, तर विनाइलच्या बाहुलीत तो आत मुरतो आणि पुसून जात नाही. म्हणून बाहुलीला लागणारी बाजू पांढऱ्या, खूप धुतलेल्या कापडाचीच असावी. जुने धोतर यासाठी सोन्यासारखे आहे. शंका असेल तर कापडावर ओला पांढरा रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवावी. रुमालाला रंग लागला, तर बाहुलीलाही लागेल. हाच नियम तिच्या अंगावरच्या कपड्यांना लावावा आणि गर्द रंगाची पैठणी नेसवायची असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर नेसवावी.

वाकळेच्या या तुकड्याला तीन ठिकाणी बंद शिवले आहेत, छातीशी, कमरेशी आणि घोट्यांच्या वर. बंद कापडीच असावेत; रबरबँड उन्हाळ्यात विरघळून चिकटतो. दोन गुडघ्यांच्या मध्ये आणि हात व धडाच्या मध्ये कापडाची एकेक घडी ठेवावी, कारण रेझिनवर रेझिन घासले की पांढुरक्या रेघा उमटतात. बोटांसाठी माझा शोध, म्हणजे शोध कसला, भाचीचे बाळपणीचे हातमोजे! तान्ह्या बाळाने स्वतःला ओरबाडू नये म्हणून घालतात ते सुती मोजे या बाहुलीच्या हातांना नेमके बसतात. विग काढून अंबाड्याच्या जाळीत ठेवावा, आणि प्रवास लांबचा असेल तर डोळेही काढून कापसाच्या डबीत वेगळे न्यावेत, कारण उन्हाने पुटी मऊ पडली की डोळा जागेवर राहील याची खात्री उरत नाही.

(बाहुलीच्या चेहऱ्यावर झाकण ठेवून, बाजूने दाखवत.)

आता चेहरा. ज्या घरांत मुखवट्यांच्या गौरी बसतात, तिथे विसर्जनानंतर मुखवटा कसा ठेवतात ते आठवावे: पाठीमागून मऊ आधार देतात, चेहरा वरच्या बाजूला ठेवतात आणि त्यावर कशाचाही भार येऊ देत नाहीत. हे झाकण नेमके तेच काम करते. झाकणाच्या कडेला सुती फीत चिकटवली आहे, आणि ती कड कपाळाच्या वर, कानांच्या पुढे व हनुवटीच्या खाली टेकते. झाकण पारदर्शक असल्यामुळे बाजूने पाहता येते की नाकाचा शेंडा आणि पापण्या यांच्यापुढे बोटभर मोकळी जागा आहे. तेवढी नसेल तर मोठे झाकण शोधावे. ज्या भोकातून स्ट्रॉ घालतात ते बुजवू नये, आतली वाफ तिथून निघून जाते. झाकणावरून डोक्यामागे एक सैलसर कापडी पट्टी बांधावी. चेहऱ्यावर थेट बबल रॅप गुंडाळण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही; त्याचे फुगे सीलरवर गोल ठसे सोडतात आणि पापण्या मोडतात.

काही वस्तू आत मुळीच नकोत. रेक्झिनला, म्हणजे कृत्रिम चामड्याला, मऊपणा यावा म्हणून पीव्हीसीमध्ये जे द्रव्य मिसळतात ते हळूहळू बाहेर झिरपते आणि दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकट करते, म्हणून शिंप्याने कितीही आग्रह केला तरी आतले अस्तर रेक्झिनचे नको. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ पाडते. वर्तमानपत्राची शाई उतरते. एका प्रेक्षकाने चप्पल लाइनमधून, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारातून, खास चामड्याची पेटी शिवून घेण्याची कल्पना मांडली होती; कोल्हापुरी चामड्यावर माझेही प्रेम आहे, परंतु ते वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले आणि तेल पाजलेले असते, तेव्हा त्याचा पट्टा करावा, अस्तर करू नये.

व्हायोलिनची जुनी पेटी मिळाल्यास तीही तपासून पाहावी. पूर्ण आकाराचे व्हायोलिन साधारण साठ सेंटिमीटरचेच असते. मात्र व्हायोलिनच्या आकाराची निमुळती पेटी न घेता लांबट चौकोनी घ्यावी, झाकणातील बो अडकवण्याच्या खुंट्या काढून टाकाव्यात, आणि झाकण लावल्यावर चेहऱ्यापुढे जागा उरते का हे पाहावे. मोठ्या डोक्याच्या बाहुलीला ती पुरत नाही.

तीस सेंटिमीटरच्या आसपासच्या बाहुल्यांचे काम सोपे आहे. बार्बीसाठी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडची ड्रॉइंग शीट ठेवण्याची नळी, किंवा हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिलिमीटर व्यासाचा पाइप आणि त्याची दोन टोपणे पुरतात. हा पाइप कडक पीव्हीसीचा असल्याने रेक्झिनसारखा झिरपत नाही, तरी आत सुती गुंडाळी हवीच. ब्लाइथ बाहुलीचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे असते, ती नळीत जात नाही; तिच्यासाठी चार पुडांच्या डब्याची, उष्णता रोखणारे अस्तर असलेली पिशवी मला सर्वांत योग्य वाटते. सावंतवाडीच्या लाखेच्या रंगातील ठकी असेल तर ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण उष्णतेने लाख मऊ होते आणि प्लॅस्टिक तिला चिकटते.

प्रवासात पिशवी रॅकवर न ठेवता मांडीवर आडवी ठेवावी, आणि बसमध्ये मागच्या चाकापलीकडची आसने टाळावीत. स्कूटरवर ती पाठीला लावावी, पायाजवळच्या हुकाला अडकवू नये. आपले शरीर जेवढे धक्के शोषते तेवढे स्कूटरचा पत्रा शोषत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर ती क्षणभरही सोडू नये, कारण बाहेर ३५ अंश तापमान असताना तासाभरात आतले तापमान ५० अंशांच्या वर जाते. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, विमानाने जाणार असाल तर एक अडचण येईल: केबिनमधील सामानाची मर्यादा बहुधा ५५ सेंटिमीटर लांबीची असते, तेव्हा तिथे बाहुलीला गुडघ्यांत दुमडून चौकोनी बॅगेत न्यावे लागते. क्ष-किरणांनी रेझिनला काही होत नाही. पडद्यावर मानवी आकृती पाहून दचकलेल्या कर्मचाऱ्याला शांतपणे समजावून सांगण्याची तयारी तेवढी ठेवावी.

पिशवी तयार झाल्यावर लगेच बाहुली आत ठेवू नये. दोन लिटरची पाण्याची भरलेली बाटली वाकळेत बांधावी, बाटलीचे तोंड जिथे येते तिथे कापडावर खडूची रेघ मारावी, आणि पिशवी पाठीला लावून स्कूटरवरून रंकाळ्याला एक पूर्ण वेढा घालून यावे. मी पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा वाकळेला दोनच बंद होते, छातीशी आणि घोट्यांशी, आणि घरी येऊन उघडले तर बाटली रेघेपासून चार बोटे खाली घसरलेली होती. कमरेचा तिसरा बंद त्याच संध्याकाळी शिवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेढा घातला. या वेळी खडूची रेघ बाटलीच्या तोंडाशीच होती.