दहा टक्क्यांचा करार

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, तो फुटबॉलमध्ये फार मोठा झाला, पण फुटबॉलपटू कधीच नव्हता. त्याचं नाव चक ब्लेझर. जन्म 1945 चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. तरुणपणी बिल्ल्यांच्या व्यवसायात होता. तो पिवळा गोल हसरा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्याचे बिल्ले. पुढे न्यूयॉर्कच्या उत्तरेला न्यू रोशेल गावाजवळ राहायला गेला आणि तिथे त्याचा मुलगा फुटबॉल खेळू लागला.

पुढचं तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. पोरगा मैदानावर जायला लागला की बाप मागोमाग जातो. आधी पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, मग गाडीची सोय बघतो, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, "आता संघाचं तुम्हीच बघा ना." ब्लेझर मुलांचा प्रशिक्षक झाला, मग स्थानिक लीगचा पदाधिकारी, आणि 1984 मध्ये थेट अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल महासंघाचा उपाध्यक्ष. माणूस अंगापिंडाने अवाढव्य, पांढऱ्या भरघोस दाढीचा, बोलायला गोड आणि आकड्यांना पक्का.

नोव्हेंबर 1989. त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, अमेरिकेविरुद्ध सामना होता. नुसती बरोबरी साधली असती तरी त्रिनिदाद पहिल्यांदा विश्वचषकाला गेला असता. सगळं बेट लाल कपडे घालून स्टेडियमवर लोटलं होतं. अमेरिकेने 1-0 असा सामना जिंकला. वर असं बाहेर आलं की स्टेडियमच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेली होती. तिथल्या संघटनेचा सचिव होता जॅक वॉर्नर. लोक त्याच्यावर चिडलेले, त्याची कारकीर्द संपल्यात जमा. अशा वेळी ब्लेझर त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, तू कॉनकाकॅफच्या अध्यक्षपदाला उभा राहा.

कॉनकाकॅफ म्हणजे उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं यांचा फुटबॉल महासंघ. जगाच्या फुटबॉलची संघटना फिफा असो की हा महासंघ, निवडणुकीत प्रत्येक सदस्य देशाला एकच मत. अमेरिकेला एक आणि जेमतेम पाच हजार वस्तीच्या माँटसेराट बेटालाही एकच. म्हणजे ज्याच्या मुठीत बेटं, त्याच्या मुठीत महासंघ. हे गणित ब्लेझरने मांडलं आणि 1990 मध्ये ते जमलं. वॉर्नर अध्यक्ष झाला, ब्लेझर सरचिटणीस. महासंघाचं कार्यालय ग्वातेमालाहून न्यूयॉर्कला आलं आणि ट्रम्प टॉवरमध्ये थाटलं गेलं.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ब्लेझरचं नाव निघालं की लोक ती सोडून देतात. त्याने काम केलं. अगदी मनापासून केलं. 1991 मध्ये गोल्ड कप ही स्पर्धा सुरू झाली, त्यामागे डोकं त्याचं. अमेरिकेत लाखो मेक्सिकन, साल्वादोरी, होंडुरासी कुटुंबं राहतात, ती आपल्या देशाचा सामना बघायला स्टेडियम भरून टाकतील, आणि स्टेडियम भरलं की टीव्हीवाले आपसूक येतील, हे त्याने इतरांच्या आधी ओळखलं. ज्या महासंघाची वर्षाची कमाई जेमतेम होती, तो कोट्यवधी डॉलरची उलाढाल करू लागला. 1996 पासून फिफाच्या कार्यकारी समितीत त्याला जागा मिळाली.

आणि याच यशाच्या पोटात ते कागद होते.

31 जुलै 1990 ला महासंघाने स्पोर्टव्हर्टायझिंग नावाच्या कंपनीशी करार केला. या कंपनीने सरचिटणीसाची सेवा पुरवायची, बदल्यात तिला दरमहा मानधन, आणि शिवाय महासंघाच्या प्रायोजकत्वातून व टीव्हीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशावर दहा टक्के. कंपनी कुणाची? ब्लेझरचीच. महासंघातर्फे सही कुणाची? वॉर्नरची. सुरुवातीला दहा टक्क्यांत फारसं काही नव्हतं, कारण महासंघाकडेच काही नव्हतं. पण गोल्ड कप वाढत गेला तसे ते दहा टक्केही वाढत गेले. 1998 मध्ये तो करार संपला. नवा झाला नाही. तरीही पैसे जात राहिले, पुढची तेरा वर्षं. बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश सर डेव्हिड सिमन्स यांच्या समितीने 2013 मध्ये जो चौकशी अहवाल दिला, त्यानुसार ब्लेझरने महासंघाकडून दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम घेतली. राहत्या घराचं भाडं, मायामीतले फ्लॅट, एक हमर गाडी, सगळं महासंघाच्या खर्चात.

ट्रम्प टॉवरमध्ये त्याच्या मांजरांसाठी वेगळा फ्लॅट होता, हे वर्तमानपत्रांनी खूप रंगवलं. मला त्या मांजरांपेक्षा 1998 चा तो संपलेला करार जास्त बोचतो. मी स्वतः बरीच वर्षं एका लहानशा क्लबचा खजिनदार होतो. हातात पावती पुस्तक घेऊन दुकानादुकानांतून पन्नास-शंभर रुपये गोळा केलेत. वर्षाच्या सभेत एखादा म्हातारा सभासद उठायचा आणि चेंडूंच्या खर्चावरून दहा मिनिटं उलटतपासणी घ्यायचा. तेव्हा राग यायचा. या प्रकरणाबद्दल वाचताना तोच म्हातारा मला राहून राहून आठवला. कॉनकाकॅफमध्ये इतक्या वर्षांत असा एकही माणूस उठला नाही. पैसा येत होता, प्रत्येक बेटाला त्यातला वाटा मिळत होता, मग विचारायचं कुणी? हिशेब तपासणारा लेखापरीक्षकसुद्धा वॉर्नरचे खासगी हिशेब सांभाळणाराच होता.

मग एक माणूस उठला. मे 2011. फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. त्यातला उमेदवार, कतारचा मोहम्मद बिन हम्माम, प्रचारासाठी वॉर्नरच्या पोर्ट ऑफ स्पेनला आला. कॅरिबियन पदाधिकाऱ्यांना एकेक करून हॉटेलच्या खोलीत बोलावलं गेलं आणि हातात पाकीट दिलं गेलं. आत चाळीस हजार डॉलर रोख. बहामाच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांनी पाकीट उघडलं, नोटांचा फोटो काढला आणि पैसे परत केले. ही बातमी ब्लेझरपर्यंत पोहोचली आणि त्याने आपल्या वीस वर्षांच्या सोबत्याविरुद्ध, वॉर्नरविरुद्धच, फिफाकडे तक्रार केली. जूनमध्ये वॉर्नरने सगळी पदं सोडली. बिन हम्मामवर बंदी आली. जगभर ब्लेझरचं कौतुक झालं, भ्रष्टाचाराला वाचा फोडणारा म्हणून.

ते कौतुक काही महिनेच टिकलं. एकदा तपास सुरू झाल्यावर तो एकाच्या दारात थांबत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्लेझर मॅनहॅटनच्या रस्त्यावरून आपल्या बॅटरीच्या स्कूटरवर चालला होता. वजनामुळे चालणं जमत नसे. एफबीआय आणि आयकर खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला गाठलं. कित्येक वर्षं त्याने आयकराचं विवरणपत्रच भरलं नव्हतं. आता बेड्या, नाहीतर सहकार्य, एवढेच दोन पर्याय. त्याने सहकार्य निवडलं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तो जुन्या मित्रांना भेटत होता, तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यात छोटा मायक्रोफोन होता, ही बातमी पुढे न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने फोडली.

25 नोव्हेंबर 2013 ला ब्रुकलिनच्या न्यायालयात त्याने दहा गुन्हे कबूल केले. दार बंद, कागदपत्रं सीलबंद. गोल्ड कपच्या प्रक्षेपण हक्कांसाठी लाच घेतली, 1998 आणि 2010 च्या विश्वचषकाचं यजमानपद ठरवताना लाचेच्या व्यवहारात सामील होतो, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. एकोणीस लाख डॉलर जप्तीत गेले. तोवर त्याला कर्करोगाने गाठलं होतं. वाचताना मला वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. जो गोल्ड कप त्याने उभा केला, तोच त्याने विकला होता.

27 मे 2015 ला पहाटे झुरिकच्या हॉटेलातून फिफाचे सात अधिकारी ताब्यात घेतले गेले, त्यामागे ब्लेझरच्या साक्षीचा मोठा वाटा होता. सहा दिवसांनी सेप ब्लाटरने फिफाचं अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. वॉर्नरने आरोप कधीच मान्य केले नाहीत आणि अमेरिकेला हवाली होण्याविरुद्ध तो वर्षानुवर्षं कोर्टात लढत राहिला. ब्लेझरला फिफाने आजन्म बंदी घातली.

शिक्षा सुनावली जाण्याआधीच, 12 जुलै 2017 ला ब्लेझर गेला. वय 72. त्याच संध्याकाळी फ्लोरिडात टॅम्पाच्या मैदानावर गोल्ड कपचा सामना होता. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे पावणेचार लाख वस्तीचं मार्टिनिक बेट. अमेरिकेने दोन गोल केले, बेटाच्या पोरांनी दोन्ही फेडले, आणि मग जॉर्डन मॉरिसने तिसरा मारला. 3-2.

नमस्कार.