नट सुटला, सांधा सुटेना

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'गाड्यांचा डॉक्टर' म्हटलं. डॉक्टर रुग्णाला हातोड्याने बडवत नाहीत, त्यामुळे ती पदवी मी साभार परत करतो.

पत्रिकेत विषय छापलाय 'स्टीअरिंगचे जाम झालेले भाग घरच्या घरी सोडवणे'. त्यात टाय रॉडचे गंजलेले आटे, स्टीअरिंग कॉलमचा (हातातल्या चाकाखालच्या दांड्याचा) सांधा, तापवून सोडवणं, सगळं यायला हवं. येईल. पण आधी माझा लाडका मुद्दा ऐकून घ्या, तो कुणी दुसरीकडे ऐकून घेत नाही. आपण ज्याला जाम म्हणतो त्यातलं पुष्कळसं जाम नसतंच. ते नीट बसलेलं असतं.

टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा गोळीचा सांधा, इथं सगळ्यांनी पाहिलेला आहे असं धरून चालतो. नसेल पाहिला त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसावं. त्याच्या बॉलची दांडी निमुळती असते आणि ती नकलवरच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागावरच्या, तितक्याच निमुळत्या भोकात रुतून बसते. नट तिला फक्त आत ओढून धरतो, पकड खरी त्या टेपरची, म्हणजे निमुळतेपणाची. टेपर १:१० चा असला, म्हणजे दहा मिमी लांबीत जाडी एक मिमीने उतरत असली, तर मधल्या रेषेपासून बाजूचा कल ३ अंशांपेक्षाही कमी भरतो. स्टीलवरून स्टील आपणहून घसरायला याच्या दुपटीहून जास्त कल लागतो. म्हणजे नट काढून खिशात टाकला तरी सांधा जागचा हलणार नाही. त्याने हलू नये म्हणूनच तर तो तसा केलाय! चालत्या गाडीत चाक कुठल्या दिशेला बघेल ते तिथं ठरतं.

आता माझे एक मेहुणे. नाव सांगत नाही, घरी येणं-जाणं आहे. त्यांना ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, काढायचा होता, त्यासाठी टाय रॉड एंड नुसता बाजूला करायचा होता. एंड उत्तम अवस्थेत होता, हे लक्षात ठेवा. नट सुटला, सांधा सुटेना. मग निघाला स्प्रेचा डबा. आपल्याकडे या डब्यावर जी श्रद्धा आहे ती बघून मला कधी कधी हेवा वाटतो. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत बनवलं ते पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पातळ कवचावर ते मारत असत. चांगलंच आहे ते. पण टेपरमध्ये तेल शिरायला फट कुठे आहे? तिथं धातूला धातू चिकटलाय. मेहुण्यांनी तरी डबा निम्मा केला. जमीन मात्र छान गंजमुक्त झाली.

मग त्यांनी नट पूर्ण काढून बाजूला ठेवला आणि दांडीच्या टोकावर हातोडा घातला. मी शेजारीच उभा होतो. 'थांबा' म्हणालो, तर 'तुम्ही टॉर्च धरा' असं उत्तर आलं. म्हणून टॉर्च धरला. पहिल्या घावाला टोक चकाकलं. पुढच्या दोन-तीन घावांत कडा बाहेर पसरली आणि शेवटचे आटे एकमेकांत मिसळून सपाट झाले. सांधा होता तिथंच. आता नट परत चढेना, आणि पुलर, म्हणजे स्क्रूने दाबून सांधा सोडवायचं अवजार, लावावा तर त्याचा स्क्रू त्या पसरट टोकावरून सटकायचा. शेवटी त्यांनी कुणाकडून तरी ती दोन शिंगांची लोखंडी पाचर आणली. रबरी बूट फाटला, काळं ग्रीस त्यांच्या बाहीवर आलं, आणि सांधा सुटला. धडधाकट टाय रॉड एंड भंगारात गेला. 'जाम फार होता' असं ते अजून सांगतात. तिसऱ्या रांगेत कुणीतरी मान खाली घातलीय, त्यांना मी काही विचारत नाही.

करायचं होतं ते एवढंच. गाडी जॅकवर नको, घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर, उभी हवी. हातोडा चालवायचा तर नक्कीच. नट काढून टाकायचा नाही, दांडीच्या टोकाशी बरोबरीत येईल इतपत सैल करून तिथंच ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात आणि सांधा सुटला तरी धाडकन पडत नाही. मग नकलच्या हाताचं जे डोळ्यासारखं टोक आहे, ज्यात दांडी बसलीय, त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने कडक ठोका द्यायचा. आडवा, डोळ्यावर. दांडीवर नाही, सांध्याच्या अंगावरही नाही. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर पकड सोडतो. एकात एक अडकलेले पेले आपण बाजूने ठोकतो, बुडावर नाही, तसंच. कान देऊन ऐका: आधी खणखणीत आवाज येतो, सांधा सुटला की तोच ठोका बोदा वाजतो. पुलर असेल तर आधी त्याने ताण द्या, मग ठोका. नकल अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हातोडा बाजूला ठेवा, तिथं फक्त पुलर.

चिठ्ठी आली. '१० मिनिटे' लिहिलंय. नाही, तो एक आणि शून्य नव्हे, शून्याच्या जागी टिंब आहे, म्हणजे एकच मिनिट. बरं, घाईघाईत सांगतो.

टाय रॉडचा चेक नट, म्हणजे एंडला रॉडवर जखडून ठेवणारा नट, आणि त्यामागचे आटे, हे मात्र खरोखर जाम होतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आट्यांमधली फट भरून टाकतो. तारेचा ब्रश मारा, पातळ भेदक तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. आधी किंचित आवळा, मग सोडवा, असं पुढे-मागे करत चला. रॉडला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर पीळ सगळा आतल्या सांध्याला आणि रॅकला, म्हणजे टाय रॉडला ढकलणाऱ्या दातेरी पट्टीला, बसतो. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, नेट लावण्यापूर्वी बघून घ्या. सोडवण्याआधी एंड रॉडवर कुठवर बसलाय त्याचं माप घ्या: आटे १.५ मिमीचे असले तर एका फेऱ्यात चाकाची दिशा सहसा अर्ध्या अंशाहून जास्त बदलते.

तापवणं. १४ मिमीचं भोक ३०० अंशांनी तापलं तर ०.०५ मिमी मोठं होतं, गंज तडकायला तेवढं पुरतं. पण जो भाग टाकून द्यायचाय तोच तापवा. बंद बॉल जॉइंट नाही, आतलं ग्रीस उकळून फुटतं. नुकतं तेल मारलेलं तर अजिबात नाही.

कॉलमचा सांधा. त्याचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो. सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. सांधा आणि शाफ्टवर खूण करा, पकडीच्या चिरेत छिन्नीचं टोक हलकेच घालून ती फाकवा. त्याआधी चाकं सरळ करून स्टीअरिंग लॉक करा. स्टीअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली पट्टीवायर तुटते.

जोडताना टेपर स्वच्छ, कोरडा. ग्रीस टाय रॉडच्या आट्यांना. दांडी नटाबरोबर फिरायला लागली तर खालून जॅकने सांधा दाबून धरा. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन नवी, आणि तिचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे घेऊ नका. अलाइनमेंट होईपर्यंत गाडी सावकाश. अध्यक्ष उभे राहिलेत, प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेऊ.