एकसष्टचा हट्ट

मंडळी, येताना डब्यात मूठभर दादर ज्वारी घेऊन आलोय. चाळीसगावात दादरची ओळख करून द्यायला नको. आज मात्र ती भाकरीसाठी नाही, हिशेबासाठी आहे.

चार-चार दाण्यांच्या चार ओळी मांडल्या की सोळा दाण्यांचा एक चौरस होतो. असे ६० चौरस केले, तर दाणे झाले ९६०. सगळे एकत्र करून वर एक दाणा टाकला की ९६१, म्हणजे ३१ ओळींत ३१-३१ दाण्यांचा बरोब्बर मोठा चौरस. आता ६२ घ्या. आठ-आठच्या ओळींचे ६२ चौरस, ३९६८ दाणे, वर एक. ६३ ओळींचा चौरस तयार!

मधल्या ६१ला हेच करायला सांगा. लहान चौरसाची बाजू किमान २२,६१,५३,९८० दाण्यांची लागते आणि मोठ्याची १,७६,६३,१९,०४९. खानदेशात आजवर पिकलेली सगळी ज्वारी ओतली तरी तो चौरस भरायचा नाही.

शेजारी इतके मवाळ आणि हा असा का? आठाचा वर्ग ६४. त्याला ६० चाराने कमी, ६२ दोनाने कमी. आठाची दुप्पट सोळा. सोळाला चाराने भागलं तर ४ आणि दोनाने भागलं तर ८. आपल्या लहान चौरसांच्या बाजू नेमक्या याच होत्या. ६१ मात्र तिनाने कमी, आणि सोळाला तिनाने पूर्ण भाग जात नाही. जवळची वाट इथेच बंद होते.

भास्कराचार्यांनी हे उदाहरण ११५० साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथातल्या बीजगणितात घेतलंय. त्यांची रीत चक्रवाल, म्हणजे चाकासारखी फिरणारी. ६४ आणि ६१ यांच्यातल्या तिनापासून सुरुवात करायची. चाक एकदा फिरलं की ३९ आणि ५ मिळतात: ३९चा वर्ग १५२१, पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक फक्त चाराचा! फरक चारावर आला की पुढे त्यांच्या आधीचे गणिती ब्रह्मगुप्त यांची भावना, म्हणजे उत्तरांचा आपसात गुणाकार, आणि थोड्याच पायऱ्यांत ती दोन अवाढव्य उत्तरं हाती येतात. दाणे मोजत बसला असता तर माणसाचा जन्म पुरला नसता. मला या रीतीपुढे खरोखर हात जोडावेसे वाटतात.

१६५७ साली फ्रान्सच्या फर्मा या गणितीनं हाच ६१ आपल्या समकालीन गणितींपुढे आव्हान म्हणून ठेवला. मधे पाचशे सात वर्षं गेली होती.

आणि इथून जवळच पाटणला, पाटणादेवीच्या आवारातून आपण कितीदा जातो! तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. आपल्या डोंगराच्या कुशीत गणिताची शाळा होती, मंडळी, आणि तिला राजाश्रय होता. हे आपल्या पोरांना पाचवीतच कळायला हवं.

डबा इथे टेबलावर ठेवतो. लहानग्यांनी ६३ करून पाहावा. त्याला एकेक दाणाच पुरतो. मोठ्यांसाठी ६७. भास्कराचार्यांनी तोही ६१च्या जोडीनंच विचारलाय. लहान चौरसाची बाजू चार आकडी येते, तेव्हा कागद घ्या.